कळ

मदतनीस बाईंनी बाहेर बसलेल्या माणसाला विचारलं, दात कधीपासून दुखतोय, आणि तो म्हणाला, "तसं नक्की सांगता येणार नाही." एवढंच. आत बेसिनपाशी हात धुणारी ती तशीच थबकली. साबणाचा फेस मनगटावरून कोपराकडे ओघळत होता आणि तिला त्याचं भान नव्हतं. हे वाक्य रोज कुणी ना कुणी म्हणतंच. दुखणं कधी सुरू झालं ते कुणालाच धड आठवत नसतं. पण 'नक्की'वर किंचित रेंगाळणारा आणि 'येणार नाही' म्हणताना समाधानानं खाली बसणारा तो सूर एकाच माणसाचा होता. गेलं दीड वर्ष ती त्या सुराशी भांडत आली होती. गाडी चालवताना, कपड्यांना इस्त्री करताना, एखाद्याच्या दाढेत सिमेंट भरताना तोंडानं "आणखी थोडंच हं" म्हणत मनातून त्याला सुनावताना. त्या भांडणांत दर वेळी तीच जिंकायची आणि जिंकून झाल्यावर जास्तच चिडायची, कारण समोर कुणी नसायचं. आता तो स्वतःच्या पायांनी चालत तिच्या दवाखान्यात आला होता, गालावर हात धरून.

तो आत आला तो बूट पायपुसण्यावर नीट पुसून. कोट कुठे ठेवू, असं त्यानं विचारलं आणि उत्तर यायच्या आत घडी करून स्वतःच मांडीवर घेतला. तिच्या तोंडाला मास्क होता, डोळ्यांवर भिंगाचा चष्मा, केस टोपीत. ओळखण्यासारखं काही दिसतच नव्हतं. पण यातलं काही नसतं तरी त्यानं ओळखलं नसतं, हे तिला पक्कं माहीत होतं. सुनावणीच्या दिवशी अख्खी सकाळ ती त्याच्या टेबलासमोर बसली होती आणि त्यानं रायफलीकडे पाहिलं होतं, छताकडे पाहिलं होतं, स्वतःच्या नखांकडे पाहिलं होतं. तिच्याकडे एकदाही नाही. तिनं पायानं बटण दाबलं. खुर्ची हळूहळू मागे झुकली, पाय वर गेले, डोकं खाली आलं आणि तो लांबट, गुळगुळीत दाढी केलेला चेहरा उलटा होऊन तिच्या दोन हातांच्या मधे येऊन थांबला. "तोंड उघडा," ती म्हणाली. त्यानं उघडलं. इतकं सोपं होतं ते, की तिला क्षणभर हसूच आलं.

तिचं उजवं मनगट चाळिशीतच कुरकुरायला लागलं होतं. दातांच्या डॉक्टरांचं मनगट म्हणजे सुताराच्या करवतीसारखंच, झिजणारच. काम चालून जायचं, कारण कामात ते थोडंच वळवावं लागतं. अडायचं ते नेमबाजीच्या मैदानावर. कॉलेजात असल्यापासून ती रायफल चालवत होती, आणि लग्न झालं, दवाखाना झाला, मुलगी शिकून दूर गेली, तरी आठवड्यातली ती एक दुपार तिनं कुणाला दिली नव्हती. आठवडाभर दुसऱ्याच्या तोंडात वाकून, श्वासाला श्वास लागेल एवढ्या जवळ जगायचं. कण्हणं, लाळ, घट्ट मिटलेले डोळे, आपल्या हाताला घाबरणारी माणसं. मैदानावर सगळंच लांब असायचं. लांबवर एक काळा ठिपका, आणि तो तिला घाबरत नसे. पण हातानं भरायच्या रायफलीत प्रत्येक गोळीनंतर मूठ धरून बोल्ट, म्हणजे काडतूस आत सारणारा दांडा, उचलायचा, मागे ओढायचा, पुढे ढकलून खाली पाडायचा. एका हिवाळ्यात मनगटातून अशी कळ गेली की बोल्ट अर्ध्यावर सोडून ती डाव्या हातानं उजवा धरून बसून राहिली. "आता तुझं झालं म्हणायचं," नवरा म्हणाला होता. चिडवायला नव्हे, काळजीनं. त्या रात्री तिला कळलं की ही एक दुपार गेली तर बाकीचे सहा दिवसही जातील.

मेजरनी तेव्हा तिला वाचवलं. मेजर कधी सैन्यात नव्हते. ते शिंपी होते. कोट शिवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि गळ्यात सदा मेजर-टेप असायची म्हणून क्लबात ते मेजर. तिला नेमबाजी त्यांनीच शिकवली होती, श्वास कुठे सोडायचा ते कात्री चालवण्याच्या उदाहरणानं. त्यांचाही खांदा गेला होता. एक दिवस त्यांनी एका परदेशी रायफलीचं चित्र तिच्यापुढे धरलं आणि नुसतं म्हणाले, "पोरी, हे बघ." त्या रायफलीत गोळी सुटली की बोल्ट आपसूक मागे जायचा, रिकामं काडतूस बाहेर उडायचं आणि बोल्ट तिथंच थांबायचा. अंगठ्याजवळ एक छोटी कळ होती. ती दाबली की बोल्ट पुढे येऊन नवं काडतूस आत घ्यायचा. दाबली नाही तर जन्मभर तसाच उघडा. मनगट नको, खांदा नको, फक्त अंगठा. क्लबातल्या काही जणांनी मिळून त्या मागवल्या. कुणाचं बोट तुटलेलं, कुणाला संधिवात. परवाने रीतसर झाले, जकात झाली, शिक्के बसले. तिची आली तेव्हा नवऱ्यानं पेटीत डोकावून, माझ्यापेक्षा हिला तेलपाणी जास्त मिळणार दिसतंय, असा शेरा मारला. दोन हंगाम ती नेमबाजी करत होती तशी तरुणपणीही केली नव्हती. मेजर शेजारच्या फळीवर पालथे पडून तिच्या गोळ्या मोजायचे आणि स्वतःची नेम धरायची वेळ आली की जगाला विसरायचे.

मग फर्मान आलं. हातानं भरायच्या रायफली खाजगी माणसाला ठेवता येत होत्या, आपोआप भरल्या जाणाऱ्या ठेवता येत नव्हत्या, आणि या आयात झालेल्या रायफली नेमक्या कशात बसतात याबद्दल शंका उपस्थित झाली होती. कुणी उपस्थित केली ते लिहिलं नव्हतं. निर्णय होईपर्यंत त्या सरकारी शस्त्रागारात जमा करायच्या. तोवर त्या बेकायदा नव्हत्या आणि कायदेशीरही नव्हत्या. तिनं विचारलं, परत करू का, म्हणजे जिथून आल्या तिथं. तर परत पाठवायला आधी रायफलीचा वर्ग ठरलेला लागत होता. विकायला वर्ग लागत होता. मोडीत काढायलासुद्धा, हे ऐकून मेजर इतके हसले की त्यांना ठसका लागला. मरण्यासाठी आधी जन्माचा दाखला, ते म्हणाले. तेव्हा अजून त्यांना हसता येत होतं.

सुनावणीला मालकांच्या वतीनं ती गेली होती, कारण तिला बोलता येतं असा सगळ्यांचा समज होता. टेबलावर तिचीच रायफल होती. तो वर्गीकरण अधिकारी. या विषयातला तज्ज्ञ म्हणून त्याचं नाव होतं आणि त्याच्या सहीशिवाय पान हलत नव्हतं. त्यानं रायफल उचलली, बोल्ट मागे नेला, कळ दाबली, बोल्ट पुढे आला. पुन्हा. पुन्हा. लहान मुलानं पेनाची टिकटिक करावी तसं त्यानं ते कितीतरी वेळ केलं. मग दस्ता कागदांना भोकं पाडायच्या यंत्रावर आपटेल अशी ती खाली ठेवली, आणि लाकडावर पांढरा ओरखडा उठला तो तिनं पाहिला, त्यानं पाहिला नाही. प्रश्न असा आहे, तो छताला म्हणाला, की अंगठा हा माणसाचा भाग धरायचा की यंत्रणेचा. तिनं सांगितलं की अंगठा तिचा आहे. तो मंद हसला. तिनं मनगटाची गोष्ट काढली, मेजरच्या खांद्याची काढली, गंमत म्हणून नव्हे तर उपाय म्हणून या घेतल्यात हे समजावलं, आणि शेवटी, स्वतःचा स्वतःला राग येईल अशा आवाजात म्हणाली, "बंदी घालायची तर घाला. पण काय ते ठरवून टाका." तो म्हणाला, "तसं नक्की सांगता येणार नाही. पाहावं लागेल." मग दर काही महिन्यांनी तेच. अभिप्राय मागवला आहे. अभिप्राय आला आहे पण पुरेसा नाही. विचाराधीन आहे. भिजत घोंगडं म्हणतात ते ऐकून माहीत होतं. त्याचा वास कसा असतो ते आता कळत होतं. आणि त्या दीड वर्षात मेजरचे डोळे गेले. आंधळे नाही झाले. नजरेच्या मधोमध एक करडा डाग बसला. कडेकडेचं सगळं दिसायचं, ज्याच्याकडे बघावं तेवढंच दिसायचं नाही. त्यांना तिच्याशी बोलताना तिच्या कानाच्या बाजूला कुठेतरी बघावं लागे, म्हणजे कुठे तिचा चेहरा जरासा हाती लागे. शिवण गेलं, आणि ठिपका तर कायमचाच गेला. त्यांनी तक्रार केली नाही. एकदाच म्हणाले, "डोळा काही कुणाच्या अभिप्रायासाठी थांबत नाही." त्या दिवसापासून तिनं त्या अधिकाऱ्याला मारायच्या निरनिराळ्या रीती योजायला सुरुवात केली. गोळीनं कधीच नाही. गोळी फार लवकर होते.

आणि आता त्याचं तोंड तिच्यासमोर उघडं होतं. खालची शेवटून दुसरी दाढ आतून पोखरलेली, हिरडी सुजलेली. आरशाचा दांडा नुसता टेकला तरी त्याच्या पायाची बोटं बुटात आवळली. तिच्या हाताशी सगळं मांडलेलं होतं. पण हात काही केल्या तसे नव्हते. त्यांना वाईट काम करताच येत नव्हतं, तेवढं ते म्हातारे झाले होते. त्यांनी आपल्या सवयीनं भूल दिली, थांबले, पुन्हा तपासलं, आणि थोड्याच वेळात त्याचा जबडा लाकडासारखा झाला आणि त्याच्या डोळ्यांत सगळ्यांच्याच येतं तसं पाणी आलं, सुटकेचं. ती स्वतःवर संतापली. दीड वर्षाचा सूड आणि तो माणूस तिच्या खुर्चीत सुखावत होता. मग एक्स-रे पडद्यावर आला. दाढेच्या मुळाशी अपेक्षेएवढाच बिघाड होता, आणि त्या दाढेच्या पुढच्या दाताच्या टोकाखाली एक गोल, काळसर छाया होती. पहिल्या वर्षाचा प्रत्येक विद्यार्थी ती पाहून दचकतो आणि प्रत्येक शिक्षक हसतो. हनुवटीकडे जाणारी नस तिथून हाडाबाहेर पडते. त्या वाटेचं भोक ते. सगळ्यांना असतं. तिलाही होतं. तिची नजर त्यावर थांबली तशी त्याचीही थांबली, कारण खुर्चीतला माणूस पडद्याकडे बघतच नाही, डॉक्टरच्या डोळ्यांकडे बघतो.

"ते काय आहे?" बधिर जिभेनं त्यानं विचारलं. ती लगेच बोलली नाही. न बोलण्याची चव तिला अशी कधी लागली नव्हती. "ते ना," ती म्हणाली, "नक्की सांगता येणार नाही." त्यानं उठून बसायचा प्रयत्न केला. म्हणजे काही वाईट आहे का, हे त्यानं दोन-तीन तऱ्हांनी विचारलं. वाईट आहे असं मी म्हटलं नाही, ती म्हणाली. मग चांगलं आहे का? तसंही म्हणता येत नाही. छाया आहे. कशाची, ते पाहावं लागेल. मी एकदोघांचं मत घेईन, काही आठवड्यांनी पुन्हा एक फोटो काढू, तोवर तर्क करण्यात अर्थ नाही. एकेक वाक्य जिभेवर जसंच्या तसं तयार होतं. त्यानंच तर ती शिकवली होती. त्याला मात्र आपलं काही ओळखू आलं नाही. दाढ आतून साफ करून तिनं तात्पुरती बंद केली, बाकीचं काम पुढच्या खेपेवर ठेवलं. त्यानं कोट अंगात घातला तेव्हा एक बाही उलटी होती आणि तो ती तशीच ओढत राहिला.

त्या संध्याकाळी ती जेवली ती पोटभर. नवऱ्यानं विचारलं, आज काय विशेष, तर म्हणाली, काही नाही, भूक लागली. झोप अशी लागली की कूस बदलली नाही. पुढचे दिवसही तसेच गेले, हलके, आतून कुणीतरी दिवा लावून ठेवल्यासारखे. काम करता करता ती त्याला डोळ्यांपुढे आणायची: आता आरशासमोर उभा राहून ओठ खाली ओढून बघत असेल. जिभेनं तिथं चाचपत असेल. काही लागत नसेल आणि काही लागत नाही याचीच धास्ती घेत असेल. बायकोशी बोलता बोलता थांबत असेल. त्यानं फोन केला की मदतनीस बाई दारातून डोकं आत घालून तिच्याकडे बघत, आणि ती मान हलवे. अभिप्राय अजून आला नाही म्हणावं. बाई भल्या होत्या; एकदा फोन ठेवून त्या म्हणाल्या, मॅडम, फार रडवेला झाला होता हो आवाज, काही आहे का त्यांना? ती म्हणाली, पाहायचं आहे. बोलून झाल्यावर तिला आपल्याच बोलण्यातलं ते खाली बसणारं समाधान ऐकू आलं. ते तिला आवडलं, हे तिनं स्वतःपासून लपवलं नाही. वाटलं होतं की थोडं झाल्यावर पुरे वाटेल, कीव येईल. पण सुडाचं तसं नव्हतं. तो भरत नव्हता. एकेका फोनानं तो आणखी मोठा होत होता आणि आत जागा करून घेत होता. मेजरकडे ती दर आठवड्याला जायची, त्यांच्या डोळ्यांत थेंब घालायची, वर्तमानपत्र वाचून दाखवायची, आणि ही गोष्ट ओठावर येऊन परत जायची. अजून नको. पुरी झाल्यावर सांगू. भेट द्यायची ती अर्धीमुर्धी देऊ नये.

ठरल्या दिवसाच्या आधीच तो आला, न कळवता. दुपारी दवाखाना रिकामा होता आणि मदतनीस बाई जेवायला गेल्या होत्या. तो बराच उतरला होता. कॉलर आणि मान यांच्या मधे बोट जाईल एवढी जागा झाली होती आणि ज्या गुळगुळीत गालाचा ती इतके दिवस तिरस्कार करत आली होती त्यावर जागोजागी दाढी राहून गेली होती. खुर्चीत बसायला त्यानं नकार दिला. उभ्यानंच, टेबलाची कड धरून बोलू लागला. घरी सांगितलेलं नाही, बायकोचं मन आधीच नाजूक आहे. रात्री झोप लागत नाही. ऑफिसात बसतो आणि समोरचा माणूस काय म्हणतो ते कळत नाही. मग तो थांबला आणि पहिल्यांदाच सरळ तिच्या डोळ्यांत बघत म्हणाला, "डॉक्टर, वाईट असलं तरी चालेल. पण काय ते ठरवून टाका."

याच वाक्याची ती वाट पाहत होती. इतके दिवस तिला माहीत नव्हतं की ती कशाची वाट पाहतेय. आता ते कानांवर पडलं तेव्हा मांड्यांपासून वर एक उबदार थरथर सरकत गेली. तिनं त्याला बसवलं. दुसरा फोटो काढला, एक्स-रेची नळी थोडी तिरकी धरून. दोन्ही फोटो पडद्यावर शेजारीशेजारी लावले आणि शांतपणे दाखवलं की कोन बदलला तशी छाया दाताच्या टोकापासून बाजूला सरकली आहे. आजार असता तर दाताला चिकटून राहिला असता. हे नुसतं भोक आहे, ती म्हणाली, नस जाण्याचं. सगळ्या माणसांना असतं. त्यानं दोन्ही तळहात तोंडावर दाबले आणि खांदे हलू लागले. मग त्यानं तिचा हात धरला, तोच दुखरा हात, आणि धरून ठेवला. उपकार झाले, असं काहीतरी म्हणत राहिला. तिनं तिथं थांबायला हवं होतं. कुणीही शहाणं माणूस थांबलं असतं. पण तो कृतज्ञ होता, आणि ते तिला सोसवेना. ज्याला मार बसला त्याला मार बसल्याचं कळलंच नाही, तर मग मारलं कुणी आणि कुणाला? तिनं हात सोडवून घेतला. मास्क काढला, टोपी काढली.

"मला हे पहिल्या दिवशीच माहीत होतं," ती म्हणाली.

त्याच्या चेहऱ्यावर ओळखीची खूणसुद्धा उमटली नाही. तिला सगळं सांगावं लागलं: सुनावणी, टेबल, कळ, अंगठा. रायफल म्हटल्यावर मात्र त्याला आठवलं. तिचा आकार, तिचा आवाज, बोल्ट किती सुरेख बसायचा तेही. ती रायफल, तो पुटपुटला, तुमची होती का. मग मेजरचं सांगून झालं, डोळ्यांतला डाग सांगून झाला, आणि ती बोलायची थांबली तेव्हा खोलीत फक्त लाळ ओढायच्या यंत्राचा बारीक आवाज उरला होता. तिनं वाट पाहिली की तो ओरडेल. तो कोटाचं बटण लावत होता आणि ते भोकात जात नव्हतं.

"परवाच मी तो निकाल लिहिला," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. कसलंच काही नव्हतं. आपण असे मधेच जाणार असू तर मागे काही लोंबकळत ठेवायचं नाही, असं त्यानं या दिवसांत ठरवलं होतं, आणि साठलेली प्रकरणं एकेक काढून हातावेगळी करायला घेतली होती. अंगठा माणसाचाच, असं लिहिलं होतं. हातानं भरायची रायफल. सगळ्यांच्या परत द्याव्यात. उद्या सही होऊन तो बाहेर पडायचा होता. "आता मला ते करता येणार नाही," तो म्हणाला. "माझा तुमच्याशी असा संबंध आल्यावर मी त्यावर सही कशी करू? प्रकरण दुसऱ्याकडे द्यावं लागेल. तो पहिल्यापासून पाहील." तिनं विचारलं, कोण दुसरा. ते वरचे ठरवतील, तो म्हणाला. ती खुर्चीच्या हातावर बसली. त्याला दारात थांबवून तिनं आणखी एकच विचारलं, तुम्ही माझ्याविरुद्ध तक्रार करणार का. त्यानं बराच वेळ विचार केला, खरोखरच केला, सुडानं नव्हे. ते अजून ठरवलेलं नाही, असं म्हणून तो गेला. दाढेचं काम अर्धं राहिलं होतं. ते पुरं करायला तो दुसऱ्या कुणाकडे जाईल आणि तो दुसरा डॉक्टर म्हणेल, आधी कुणी केलंय, फार छान केलंय.

मेजरकडे जायला तिला चार दिवस लागले. ते खिडकीपाशी बसले होते, मांडीवर हात, खांदे अजून शिंप्याचे, पुढे आलेले. तिनं थेंब घातले. वर्तमानपत्र उघडलं आणि मिटलं. मग सांगितलं, आधी शेवट सांगितला, कारण तोच छातीवर बसला होता. निकाल झाला होता, रायफली परत मिळणार होत्या, आणि माझ्यामुळे गेल्या. तुमचीसुद्धा.  मेजरना आता नेम धरता येणार नव्हता. पण पेटी घरात हवी होती, एवढं ते मागे बोलले होते, नुसती उघडून हात फिरवायला. तिला वाटलं, ते आता म्हणतील, मला विचारायचं होतंस. तिला ते हवंसुद्धा होतं. कुणीतरी एकदा मोठ्या माणसासारखं रागवावं आणि हे आतलं खाली ठेवायला सांगावं, असं तिला चार दिवस वाटत होतं.  त्यांचं डोकं हळूच एका बाजूला वळलं, तिचा चेहरा कडेला पकडण्यासाठी, आणि तिला दिसलं की त्या सुरकुत्यांत काहीतरी जागं झालंय, मैदानावर नेम धरताना व्हायचं तसं.

"घाबरला होता?" त्यांनी विचारलं.

हो, ती म्हणाली.

"किती?" खुर्ची पुढे ओढत ते म्हणाले. "सगळं सांग, पोरी. पहिल्यापासून सांग. घाई करू नकोस."

तिनं सांगायला सुरुवात केली. छाया कशी दिसली, त्याची जीभ कशी बधिर होती, कोटाची बाही कशी उलटी झाली. मेजर मान डोलवत होते. एकेका तपशिलाला थांबवून पुन्हा म्हणायला लावत होते, उत्तम कापड बोटांत धरून पारखावं तसं. बाहेर ऊन उतरत होतं आणि दोघांपैकी कुणाला दिवा लावायचं सुचलं नाही. बायकोचं काय म्हणाला, मेजरनी विचारलं. ते तर तो फारसं बोललाच नव्हता. तरी ती बोलत राहिली. बायकोचं सांगितलं, मुलांचं सांगितलं, जमिनीवर गुडघे टेकून त्यानं माझे पाय धरले तेही सांगितलं. आणि मेजरच्या चेहऱ्यावर हळूहळू पसरत जाणारं सुख बघत ती त्याला, तो रडला होता त्याहून कितीतरी जास्त रडवत राहिली.